बॅग कोणीं भरली?

ठाणें, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यांतील सुशिक्षित घरांत परदेशगमनाचें नवल आतां उरलेलें नाहीं. कोणाचा मुलगा जर्मनींत शिकतो, कोणाची लेक अमेरिकेंत संसार करते, कोणाचा जावई दुबईस नोकरीवर असतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि उड्डाणें सुरू झालीं. तेव्हां ही वर्दळ वाढणार हें उघड आहे. तथापि सामान बांधण्याची आपली पद्धति मात्र अद्याप आगगाडीचीच आहे. तसें असणें स्वाभाविकहि आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली उतारूंची गाडी ठाण्यासच येऊन थांबली आणि पुढच्या वर्षीं लोहमार्ग कल्याणास पोंचला. प्रवासाची विद्या या मुलखानें आगगाडीपासून घेतली. आगगाडींत ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या व फराळाचा डबा हीं सारीं आपल्या बाकाखालीं, आपल्या नजरेसमोर असत. विमानांत सामानाचे दोन वांटे होतात. एक हातांत राहतो. दुसरा विमानाच्या पोटांत जातो व प्रवास संपेपर्यंत त्याला कोणाचाहि हात लागूं शकत नाहीं. कोणती वस्तु कोणत्या वांट्यास द्यावयाची याविषयींचे बहुतेक नियम या एका गोष्टींतून निघाले आहेत.

विमानतळावर सामान देतांना एक प्रश्न विचारण्याचा प्रघात आहे: ‘ही बॅग तुम्हीं स्वतः भरली आहे काय? दुसऱ्या कोणीं कांहीं नेण्यास दिलें आहे काय?’ प्रश्न साधा दिसतो. पण एकत्र कुटुंबांतील मुलास त्याचें खरें उत्तर देणें मोठें कठीण आहे. त्याच्या कपड्यांच्या घड्या आईनें लावलेल्या असतात. फराळाचा डबा काकूनें बसविलेला असतो. देवाचें सामान आजीनें कोपऱ्यांत हळूच सारलेलें असतें. रात्रीं अकरा वाजतां वडील आणि काका वजनकांटा घेऊन बसतात व चार वस्तु या बॅगेंतून त्या बॅगेंत करतात. आणि निघतां निघतां शेजारच्या वहिनी आपल्या मुलासाठीं एक पुडकें घेऊन येतात. अशा वेळीं मुलगा ‘होय, मीच भरली’ असें सांगतो, तें खोटें बोलण्याच्या बुद्धीनें नव्हे. आपलें घर म्हणजे आपणच, असें तो समजत असतो. कायदा मात्र तसें समजत नाहीं. ज्याच्या नांवाची चिठ्ठी बॅगेस लागली, तोच तींतील प्रत्येक वस्तूबद्दल जबाबदार.

हा प्रश्न कोणाच्या लहरीनें आलेला नाहीं. २३ जून १९८५ रोजीं एअर इंडियाचें ‘कनिष्क’ हें विमान आयर्लंडनजीक अटलांटिक महासागरावर स्फोट होऊन कोसळलें व त्यांतील ३२९ माणसें प्राणांस मुकलीं. स्फोटक ज्या बॅगेंत होतें ती कॅनडांत सामानांत चढविली गेली होती. ती देणारा इसम मात्र विमानांत चढलाच नव्हता. उतारू आणि त्याचें सामान हीं बरोबरच गेलीं पाहिजेत, हा दंडक त्यानंतर जगभर कडक झाला. सामान देऊन उतारू आला नाहीं तर विमान थांबवून त्याची बॅग उतरवितात, त्याचें कारण हें.

आतां दोन वांट्यांकडे वळूं. ज्यानें दुसऱ्यास इजा करतां येते तें खालीं. जें पेटलें असतां तत्काळ विझविलें पाहिजे तें वर, माणसांच्या हाताशीं. आणि जें दोन्हीं ठिकाणीं धोक्याचें तें घरीं. एवढें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे लांबलचक याद्या पाठ करण्याचें कारण पडत नाहीं. विळी, सुरी, कात्री, अडकित्ता यांची जागा खालच्या बॅगेंत. तींहि धार गुंडाळून, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाहीं.

पॉवरबँकेची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. तिच्यांतील लिथियमची बॅटरी बिघडली म्हणजे आंतल्या आंत तापत जाते व एकदां पेटली कीं स्वतःच्या उष्णतेनें पुनःपुनः पेट घेते. विमानाच्या पोटांत आग विझविण्याचा वायु असतो; तो ज्वाळा दाबतो, परंतु बॅटरीच्या आंतील ताप थांबवीत नाहीं. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईस एक मालवाहू विमान अशाच आगीनें कोसळलें व दोघे वैमानिक दगावले; त्या मालांत लिथियम बॅटऱ्या होत्या. म्हणून पॉवरबँक व सुट्या बॅटऱ्या खालच्या बॅगेंत कधींहि घालूं नयेत. वर नेतांनाहि ती डोईवरच्या फळींत न ठेवतां जवळ ठेवावी. २८ जानेवारी २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील बुसानच्या विमानतळावर उड्डाणापूर्वीं एका विमानास वरच्या कप्प्यांतून आग लागली. सुदैवानें विमान जमिनीवर होतें व सर्व १७६ जण बाहेर पडले. ती आग पॉवरबँकेपासून लागली असावी, असें तपास करणाऱ्यांचें प्राथमिक मत पडलें.

पॉवरबँकेची मर्यादा १०० वॅट-अवर ही आहे. त्याहून मोठी, १६० पर्यंतची, विमानकंपनीच्या परवानगीनेंच नेतां येते. हिशेब घरच्या घरीं करतां येतो. वर लिहिलेल्या मिलिअँपिअर-अवरच्या आंकड्यास १,००० नें भागावें व ३.७ नें गुणावें. १०,००० ची पॉवरबँक म्हणजे ३७ वॅट-अवर व २०,००० ची म्हणजे ७४, दोन्ही चालतात. आंकडा पुसून गेला असेल तर ती घरींच ठेवावी. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. विमान भरलें म्हणजे दाराशींच हातांतली बॅग मागून घेऊन ती खालीं पाठवितात. त्या घाईंतहि प्रथम पॉवरबँक काढून घ्यावी.

‘दोन्हींकडे नको’ या तिसऱ्या वर्गांत आपल्या देव्हाऱ्यांतील वस्तु सांपडतात, हें ऐकून वडीलधाऱ्या मंडळींस वाईट वाटेल. परंतु तें सांगितलेंच पाहिजे. मुलगी परदेशीं निघाली म्हणजे आपण तिची ओटी भरतों. तींत तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम आणि खोबऱ्याची वाटी असते, व ती ओटी जशीच्या तशी पदरांतून बॅगेंत जाते. सुकें खोबरें खालच्या बॅगेंतून नेण्यास आपल्याकडे मनाई आहे. सुक्या खोबऱ्यांत निम्म्याहून अधिक तेल असतें. तें उष्ण, कोंदट जागीं ढिगानें राहिलें तर हवेशीं संयोग पावून आपोआप तापत जातें. मालवाहू जहाजांस हा धोका फार दिवसांचा ठाऊक आहे. धोक्याच्या मालाच्या जागतिक यादींत आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या वर्गांत खोबऱ्याचें नांव आहे तें त्यामुळेंच. ‘दोन वाट्यांनीं काय होणार?’ असें आजी विचारतील. एका बॅगेंत कदाचित् कांहींच होणार नाहीं. पण नियम करणारास दोनशें बॅगांतील वाट्या मोजीत बसतां येत नाहीं. ओटींतलें खोबरें घरांतल्या मुलांस वांटून द्यावें. ओटीचें शुभत्व त्यानें उणें होत नाहीं.

कापराची तीच गत. तो ज्वालाग्राही घन पदार्थ म्हणून वर्ज्य आहे. काडेपेटी आपल्याकडे वरहि नको आणि खालींहि नको. समई, निरांजन, ताम्हन, घंटा हीं खुशाल खालच्या बॅगेंत जाऊं द्यावींत. घरांत ताप पाहण्याची जुनी पाऱ्याची नळी असेल तर ती हातच्या पिशवींत घालूं नये. पारा ॲल्युमिनिअमचा वैरी आहे. तो सांडल्यास विमानाच्या सांगाड्याचा धातु पोखरूं शकतो. औषधें मात्र वैद्याच्या चिठ्ठीसह, आणि दागिने, पैसे, पारपत्र व पदव्यांचीं प्रमाणपत्रें, हीं सदैव हातांतच असावींत. खालची बॅग चुकली तर कपडे नवे घेतां येतील, पण मधुमेही माणसाचें इन्शुलिन रात्रीं कोठें मिळणार?

खाण्याच्या जिनसांचा विचार निराळा करावा लागतो. २००६ च्या ऑगस्टमध्यें लंडनहून निघणारीं विमानें द्रव स्फोटकांनीं उडविण्याचा कट उघडकीस आला. तेव्हांपासून परदेशच्या प्रवासांत हातच्या सामानांतील द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या आंतील बाटल्यांतून, व त्या साऱ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवींत, असा नियम झाला. तूप, मध, लोणच्याचा खार, मुरांबा, श्रीखंड हीं सारीं या दृष्टीनें द्रवच. बाटली अर्धी रिकामी असली तरी मोजतात तें बाटलीचें माप, आंतल्या तुपाचें नव्हे. लोणचें हातांत घेऊंच नये. खालच्या बॅगेंत घालावयाचें तर दुहेरी बंदिस्त करून, व विमानकंपनीचा नियम पाहून घालावें. अमेरिकेच्या वाटेवर पुडीचाहि नियम आहे. हातच्या सामानांत ३५० मिलिलिटरहून अधिक पूड असेल तर ती २०१८ पासून वेगळी काढून तपासतात व शंका न फिटल्यास ठेवून घेतात. भाजणी, मेतकूट व गोडा मसाला यांची जागा म्हणून खालींच. तपासणीच्या यंत्रांत धातु निळसर दिसतो, तर अन्न, कापड, कागद व स्फोटकेंहि नारिंगी दिसतात. लाडवांचे डबे एकावर एक घट्ट रचले तर यंत्राला एकच नारिंगी गोळा दिसतो व बॅग उघडली जाते. डबे थोडे विखरून ठेवावे.

विमानाचा नियम संपला कीं उतरावयाच्या देशाचा सुरू होतो, आणि तो अधिक कडक असतो. अनारशांवर थापलेली व मसाल्यांत वाटलेली खसखस आपल्याला निरुपद्रवी वाटते. पण ती अफूच्याच झाडाचें बीं. संयुक्त अरब अमीरातींत व सिंगापुरांत ती बाळगणें गुन्हा आहे. जर्मनी व युरोपीय संघाच्या इतर देशांत बाहेरून येणाऱ्या उतारूस मांसाबरोबर दुधाचे पदार्थ आणण्यासहि बंदी आहे. म्हणजे पेढे, खवा व घरचें तूप तेथें दारींच अडतात. अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें खाद्यपदार्थ बरोबर असल्याचें आधीं सांगावें लागतें. सांगितलेली वस्तु फार तर काढून घेतात. लपविलेल्या वस्तूस दंड पडतो.

या सर्वांहून नाजूक प्रश्न दुसऱ्यानें दिलेल्या पुडक्याचा आहे. २०१९ च्या जुलैमध्यें मुंबईचें एक तरुण दांपत्य दोहाच्या विमानतळावर पकडलें गेलें. त्यांच्या सामानांत चार किलोहून अधिक चरस निघाला. तें पुडकें त्यांस कोणा परक्यानें दिलेलें नव्हतें. जवळच्या नातलगांतूनच आलें होतें. त्यांस दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून तीं २०२१ च्या एप्रिलमध्यें मायदेशीं परत आलीं, तोंवर पावणेदोन वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. आंत काय आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें, हें सिद्ध करावयास एवढा काळ लागला.

आमचे वाचक म्हणतील, आमच्या शेजारच्या वहिनी कांहीं चरस देणार नाहींत. खरें आहे. त्या चकल्याच देतील. पण त्या चकल्यांच्या तळाशीं मुलाच्या देवपूजेसाठीं कापराची डबी असेल, किंवा अनारशांवर खसखस असेल, आणि तें वहिनींसहि धोक्याचें वाटलेलें नसेल. यंत्रापुढें उभा राहणारा मात्र आपला मुलगा असतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ती येथें अक्षरशः खरी ठरते. पुडकें नेऊंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. परदेशीं एकटें राहणाऱ्या पोरास घरचें चार घास पोंचावे, हा आपल्या लोकांचा चांगला गुण आहे. परंतु पुडकें उघडें घ्यावें, देणाऱ्याच्या देखत एकेक जिन्नस पाहावा, आणि मग आपणच बांधावें. ज्यास हें अपमानाचें वाटेल त्याचें पुडकें नम्रपणें परत करावें. वडीलधाऱ्यांनीं हा नकार स्वतः द्यावा; निघालेल्या मुलाच्या वा सुनेच्या तोंडीं तो घालूं नये.

तेव्हां आमची सूचना एवढीच आहे. निघण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं एक चादर पसरावी व ज्याला जें द्यावयाचें तें तिच्यावर आणून ठेवावें. आजीनें देवाचें सामान, काकूनें फराळ, वडिलांनीं कागदपत्रें, सर्वांनीं सर्वांच्या देखत. प्रवास करणाऱ्यानें प्रत्येक वस्तु हातांत घेऊन तिची जागा ठरवावी, वर, खालीं कीं घरीं; यादी लिहावी; बॅग आपल्या हातानें भरावी व कुलूप लावावें. कुलूप लागल्यावर तींत कोणीं कांहीं सारूं नये, मग तो अंगाऱ्याचा पुडा कां असेना. एका बॅगेचें वजन ३२ किलोपुढें बहुतेक ठिकाणीं घेत नाहींत आणि तिकिटावर बहुधा त्याहून पुष्कळच कमी लिहिलेलें असतें, हेंहि त्याच वेळीं पाहावें. असें केलें म्हणजे बॅग साऱ्या घरानें भरली तरी मुलाला खरें सांगतां येईल, कीं ती मीच भरली आणि तींत काय आहे तें मला ठाऊक आहे.