नोटेवर मराठी, पावतीवर नाही

खिशातली दहा रुपयांची नोट वाचकांनी उलटी करून पाहावी. मागच्या बाजूला एक उभी पट्टी आहे. तीत नोटेची किंमत पंधरा भाषांत छापलेली असून त्यांत मराठीही आहे. तामसीच्या बाजारात ही नोट दिली-घेतली जाते तेव्हा देणाऱ्याला व घेणाऱ्यालाही तिच्यावरचे 'दहा रुपये' वाचता येते. परंतु हेच दहा रुपये मोबाइलवरून सरकारी खात्यात भरले, की ती मराठीची ओळ नाहीशी होते. पावती येते ती तेलुगुत नाहीतर इंग्रजीत. पैसे गेले एवढे कळते. ते कशासाठी गेले, कोणाच्या नावे जमा झाले आणि काम झाले की नाही, हे दुसऱ्याला विचारावे लागते.

आमच्या भागाला हे नवे नाही, असे कोणी म्हणेल. निजामाच्या राजवटीत दरबारची व कचेरीची भाषा उर्दू होती आणि चलनही वेगळे, हाली शिक्क्याचे. १९५० नंतर सात हाली रुपयांना सहा कलदार रुपये हा हिशेब आमच्या आजोबांनी तोंडपाठ केला होता. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्यातील तालुके मुंबई राज्यात गेले आणि पैनगंगेच्या अलीकडची आमची गावे आंध्र प्रदेशात राहिली. कचेरीची भाषा बदलली, पण आमची झाली नाही. तरीही त्या काळी मध्ये एक माणूस होता. पटवारी गावातच राहत असे, पावती उर्दूत लिहिली तरी तोंडाने मराठीत सांगत असे. १९८४ साली पटेल-पटवारी गेले, पुढे मंडले आली. २०२० साली ग्राम महसूल अधिकाऱ्याचे पदही रद्द झाले. मधला माणूस गेला आणि त्याच्या जागी पडदा आला. या पडद्याला कोणती भाषा येते हा आजचा प्रश्न आहे.

आधी व्यवहार कसा चालतो ते नीट पाहू, कारण गोंधळाचे मूळ तेथे आहे. सरकारी कार्यालयात मोबाइलवरून पैसे भरताना प्रत्यक्षात दोन वेगळी कामे होतात. पहिले काम पैशाचे. आपल्या बँकेतून रक्कम निघते, मधल्या यंत्रणेतून जाते आणि शासनाच्या खात्यात पोचते. २०१६ साली सुरू झालेली यूपीआय ही अशीच यंत्रणा आहे. दुसरे काम कागदाचे. ही रक्कम अमुक माणसाची, अमुक अर्जाची, अमुक लेखाशीर्षाखालची, अशी नोंद संबंधित खात्याच्या संगणकात व्हावी लागते आणि तिला क्रमांक मिळावा लागतो. पहिले काम झाले व दुसरे अडले तर आपले पैसे गेलेले असतात, पण कचेरीच्या लेखी आपण काही भरलेलेच नसते.

आता गंमत पाहा. यांतले पहिले काम मराठीत होते. भीम, फोनपे, गूगल पे यांत मराठी निवडता येते. खाजगी कंपन्यांना आमच्या दहा-दहा रुपयांच्या व्यवहाराची गरज वाटली म्हणून त्यांनी आमची भाषा शिकून घेतली. दुसरे काम, म्हणजे जे आमच्या हक्काचे, ज्याच्या कागदावर उद्या जमीन, दाखला किंवा सुटका अवलंबून, ते मात्र मराठीत होत नाही. व्यापाऱ्याला जे जमले ते शासनाला का जमू नये, याचे उत्तर आम्हांला मिळालेले नाही.

मीसेवा केंद्रावरचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. आंध्र प्रदेश असताना २०११ साली ही केंद्रे निघाली व २०१४ नंतर तेलंगणाने ती चालू ठेवली. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला, सारे तेथूनच. व्यवस्था चांगली आहे. तालुक्याच्या ठिकाणी चार खेपा घालण्यापेक्षा कितीतरी बरी. केंद्र चालवणारा मुलगा आपल्याच बाजूचा असला तर "काका, तुमचा नंबर सांगा, ओटीपी येईल" असे मराठीत बोलतोही. पण पुष्कळदा काकांचा मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला असतो, किंवा त्यांना संदेश वाचता येत नाही, म्हणून अर्जावर केंद्रवाल्याचाच नंबर टाकला जातो. त्यानंतरचा प्रत्येक संदेश, अर्ज मंजूर झाल्याचा, नामंजूर झाल्याचा, रक्कम कमी पडल्याचा, त्या मुलाच्या मोबाइलवर जातो. मुलगा भला असेल तर काकांना कळते. राज्यकारभार एका मुलाच्या भलेपणावर सोडून द्यावा, हे आम्हांला पटत नाही. वाचकांनी नंबर स्वतःचा किंवा घरातल्याच कोणाचा द्यावा, आणि पावतीवर शासनाची फी किती व केंद्राचा आकार किती हे वेगवेगळे विचारून घ्यावे.

जमिनीच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक होते. २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी सुरू झाली तेव्हापासून शेतजमिनीच्या नोंदणीसाठी आधी संगणकावर वेळ ठरवायची, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी भरायची, मग तहसीलदार कार्यालयात जायचे अशी पद्धत आली. २०२५ साली भूभारती कायद्याने धरणीची जागा घेतली. नाव बदलले, कायदा बदलला, पण अर्ज व पावती मराठी झाली नाही. पैनगंगा ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात गेले, की तिकडचा शेतकरी पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढतो आणि तो मराठीत असतो. भाऊ नदीपलीकडे, बहीण अलीकडे. दोघांच्या वाटणीचे कागद दोन लिप्यांत. आसिफाबाद जिल्ह्यातील केरामेरी मंडल आणि चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका यांच्या सीमेवरच्या वादग्रस्त गावांत तर दोन्ही राज्ये आपापल्या सोयी पुरवतात. तेथे एकाच घरात दोन्ही भाषांचे सरकारी कागद सापडतात, आणि घरची माणसे मराठी कागद वाचतात व दुसरा जपून ठेवतात.

न्यायालयाचा विषय याहून गंभीर आहे. कोर्टात पैसे मुख्यतः तीन कारणांनी भरले जातात: कोर्ट फी, दंड आणि अनामत. पहिल्या दोन रकमा शासनाच्या तिजोरीत जातात व तेथेच राहतात. अनामत मात्र कोर्टाकडे ठेव म्हणून असते, हुकूम झाल्यावर ती परत मिळते. म्हणून पावतीवर यांपैकी काय लिहिले आहे हे वाचता येणे आवश्यक आहे. अनामत म्हणून भरलेली रक्कम दंड समजून कोणी विसरला तर ती मागायला कोण जाणार? ई-कोर्ट प्रकल्पाखाली २००७ पासून देशातील न्यायालयांचे संगणकीकरण चालू आहे. तिसऱ्या टप्प्यास २०२३ साली केंद्राने ७२१० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पैसे भरताना हाच क्रमांक बरोबर घालावा लागतो; एक अक्षर चुकले तर रक्कम दुसऱ्याच प्रकरणात जमा होण्याचा संभव असतो. आपल्या खटल्याचा हा क्रमांक वकिलांकडून कागदावर लिहून घ्यावा.

जुन्या कोर्ट फी स्टॅम्पला कारकून भोक पाडत असे, म्हणजे तोच स्टॅम्प पुन्हा लावता येऊ नये. १८७० च्या कायद्यातच ती तरतूद होती. आज भोक दिसत नाही, पण तेच काम संगणकात होते. महाराष्ट्राच्या ग्रास प्रणालीत भरलेले चलन कार्यालयात एकदा वापरले, की ते वापरल्याची खूण पडते आणि दुसऱ्या कामाला चालत नाही. म्हणून मोबाइलवर पावतीचे चित्र आहे एवढ्यावर विसंबू नये. आपला पैसा आपल्याच कामी लागला का, हे त्या खुणेवरून कळते आणि ते कार्यालयात विचारता येते.

दंडाबाबत एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. वाहनांच्या चलनांसाठी आभासी न्यायालये निघाली आहेत. पहिले दिल्लीत २०१९ साली सुरू झाले, महाराष्ट्रात नागपूर व पुण्याची आहेत. आदिलाबादचा तरुण मोटारसायकलवरून पांढरकवडा, यवतमाळ, नागपूर करतो, त्यामुळे हा आमचाही विषय झाला. तेथे पडद्यावर दोन वाटा असतात. दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, व प्रकरण तेथेच संपते. चलन मान्य नसेल तर तसे कळवायचे, मग प्रकरण नेहमीच्या न्यायालयात जाते. हा फरक समजल्यावाचून नुसते बटण दाबणारा माणूस दोनशे-पाचशे रुपयांसाठी न केलेला गुन्हा कबूल करून बसतो. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून सांगितली पाहिजे हा फौजदारी कायद्यातला जुना नियम आहे. मोबाइलच्या पडद्यावर हा नियम कोण पाळणार?

याच अज्ञानावर चोर जगतात. 'आपल्या गाडीचे चलन थकले आहे' असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, खाली एक फाइल असते, ती उघडली की मोबाइलच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. खरा संदेश आमच्या भाषेत येत नाही, म्हणून खोटा ओळखण्याचे साधनही आमच्याजवळ नाही. दोन्ही सारखेच अनोळखी. शासनाच्या संकेतस्थळाचे नाव 'जीओव्ही डॉट इन' ने संपते, आणि सरकारी चलन भरण्यासाठी कोणतीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही, एवढे घरातल्या मुलांनी वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये यासाठी मुदती घालून दिल्या. यूपीआयवरून भरलेल्या रकमेची खात्री घेणाऱ्याकडे पोचली नाही, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. म्हणून घाईने दुसऱ्यांदा भरू नये. मात्र हा नियम वर सांगितलेल्या पहिल्या कामापुरता आहे. पैसे शासनाच्या खात्यात पोचले व नोंद चुकली, किंवा दोनदा भरले गेले, तर बँक हात वर करते आणि परताव्याचा अर्ज त्या खात्याकडे करावा लागतो. येथे पुन्हा भाषेची भिंत. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यांच्या १४४४८ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. मुंबईची रिझर्व्ह बँक आमच्याशी मराठीत बोलेल आणि सरकारी खात्याचे संकेतस्थळ बोलणार नाही, अशी ही स्थिती आहे.

आमचा तेलुगुला विरोध नाही. ती राज्याची भाषा आहे, मुलांनी ती शिकलीच पाहिजे, आणि आमच्या गावांतली निम्मी बोलणी तिच्यातच होतात. किनवट, धर्माबाद, बिलोलीकडच्या तेलुगु माणसाला महाराष्ट्रात हीच अडचण मराठीमुळे येत असेल, तर त्याची मागणीही आम्ही रास्तच समजू. २०१७ साली तेलंगणाने उर्दूला राज्यभर दुसऱ्या राजभाषेचा दर्जा दिला, ते योग्यच झाले. मराठीसाठी आम्ही तेवढेही मागत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत, जिल्ह्यात किंवा त्याखालच्या घटकात ज्या भाषेचे लोक निदान पंधरा टक्के आहेत त्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना प्रसिद्ध कराव्यात, असे तत्त्व आहे. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि तामसीतून भीमपूर मंडल वेगळे निघाले. जुन्या मोठ्या जिल्ह्याचा हिशेब आता लागू पडत नाही. तामसी, भीमपूर, जैनथ, बेला या मंडलांची मोजणी मंडलवार झाली पाहिजे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवून जनगणना जाहीर झाली आहे. तिच्यात मातृभाषेच्या रकान्यात आपण काय सांगतो यावर पुढची सारी मागणी उभी राहील. मोजणीदार तेलुगुत विचारतो म्हणून तेलुगु सांगून मोकळे होणे, हे आपल्याकडे पूर्वी घडलेले नाही असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

तांत्रिक अडचणीची सबब आता चालण्यासारखी नाही. केंद्र शासनाने २०२२ साली भाषांतरासाठी भाषिणी नावाची यंत्रणाच उभी केली. तिला तेलुगुही येते व मराठीही. आणि मागणी तरी किती? पावतीवर चार ओळी: कशासाठी, किती, क्रमांक कोणता, तक्रार कोठे. संपूर्ण पोर्टल मराठीत करायला वेळ लागेल, चार ओळींना लागू नये. तोपर्यंत मंडल कार्यालयात व मीसेवा केंद्रावर फीचा तक्ता मराठीत लावायला तर संगणकही लागत नाही, रंगाचा एक डबा पुरतो. कोर्टाच्या कामात ज्यांना अडचण असेल त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. १५१०० हा त्यांचा देशभरचा क्रमांक आहे.

राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. सीमेलगतच्या मंडलांत शासनाच्याच मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तेव्हा मराठी या राज्यात वापरात नाही असे कोणाला म्हणता येणार नाही. आदिलाबादच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दर सोमवारी प्रजावाणी भरते. ज्यांचे पैसे अडकले आहेत किंवा ज्यांना पावती वाचता आलेली नाही त्यांनी तेथे अर्ज मराठीत लिहून द्यावा, पावतीची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. त्या पोचेची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. उत्तर आले तर किती दिवसांनी व कोणत्या भाषेत आले, तेही कळवावे.