पत्रामागचा माणूस

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडले की लगतच जो भाग लागतो, त्याचे नाव पडाव. पुढे गेले की लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली येथे छावणी घातली आणि फिरत्या फौजेचा मुक्काम हळूहळू राजधानी होऊन बसला. या नावांतून तंबू आणि घोडदळ आठवतात, हे स्वाभाविक आहे. परंतु छावणीचे राज्य झाले, त्यात तरवारीइतकाच बोरूचाही वाटा होता आणि तो बोरूधारी कारकून मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

फौजेला रसद लागे, रसदीला पैसा लागे, पैशासाठी हुंडी आणि हुंडीसोबत पत्र लागे. आलेला कागद वाचावा, त्यातील आशय धन्याच्या कानी घालावा, उत्तराचा मसुदा करावा, ज्याचा जो मान असेल तो मायना लिहावा, शिक्कामोर्तबानंतर नक्कल दप्तरी ठेवावी, हा चिटणिशीचा नित्यक्रम होता. फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस वेगळा असे. कोट्यास राहून शिंद्यांचा कारभार पाहणाऱ्या गुळगुळे घराण्याच्या दप्तरातील पत्रे आनंदराव भाऊ फाळके यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'शिंदेशाही इतिहासाची साधने' या नावाने ग्वाल्हेरातून प्रसिद्ध केली. उत्तर हिंदुस्थानातील मराठ्यांचा इतिहास आज आपण लिहू शकतो, तो अशा दप्तरांच्या बळावर. कोणा कारकुनाने दुपारच्या उन्हात नक्कल करण्याचा कंटाळा केला असता, तर तेवढे पान इतिहासातून कायमचे गळाले असते.

या उद्योगाशी आपल्या किनाऱ्याचे नाते जुने आहे. रामचंद्रबाबा सुखटणकर राणोजी शिंद्यांचे दिवाण झाले. पेडण्याच्या केरी गावचे जिवबादादा महादजींच्या फौजेचे बक्षी झाले. त्यांच्या मागोमाग जी अनाम मंडळी गेली, त्यांच्यापाशी शेतीवाडी बेताची आणि अक्षर मात्र वळणदार होते. पुढच्या काळात याच किनाऱ्यावरची मुले मुंबईच्या पेढ्यांत आणि गिरण्यांच्या कचेऱ्यांत आवक-जावक सांभाळू लागली. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडच्या चुली पेटल्या, बहिणींची लग्ने झाली, देवळांचे जीर्णोद्धार झाले. तरीही 'कारकुंडा' हा शब्द आपण तुच्छतेने उच्चारीत आलो. ज्याच्या मिळकतीवर घर उभे राहिले, त्याच्याच पेशाला हिणवावे, हा कुठला न्याय?

कारकुनाचे दोष आम्ही झाकू इच्छित नाही. कागद अडवून ठेवणे, टेबलाखालून हात पुढे करणे, साध्या अर्जावर चार शेरे मारून तो परत पाठविणे, या कलांत अनेकजण निष्णात होते व आहेत. संगणक आल्यावर यातील काही वाटा बंद झाल्या, याचे स्वागतच केले पाहिजे. आता तर मसुदाही यंत्र करून देते. पण 'आपले पत्र प्राप्त झाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' असे उत्तर क्षणार्धात येते, तेव्हा त्याखाली सही कोणाची असते? पत्र वाचले कोणी? जुन्या कारकुनावर रागावता तरी येत असे. त्याच्या टेबलाशी जाऊन 'रावसाहेब, आमच्या कागदाचे काय झाले?' असे विचारता येत असे. ज्या उत्तरामागे माणूसच नाही, त्याला जाब कोणी विचारायचा? विम्याचा दावा फेटाळला गेलेली विधवा किंवा पेन्शन अडलेला वृद्ध यांना सुबक भाषेची गरज नसते. आपले म्हणणे कोणीतरी समजून घेतले, एवढी खात्री त्यांना हवी असते.

लिहिणाऱ्याची कदर गेली की वाचणाराही नाहीसा होतो, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुने रुमाल सोडले जाऊ लागले, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. त्या प्रश्नाच्या राजकारणात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु हजारो कुटुंबांचे भवितव्य ज्या ओळींवर अवलंबून आहे, त्या ओळी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरावीत, ही स्थिती लाजिरवाणी आहे. पणजीच्या पुराभिलेखागारातही मोडी कागद आहेत. आपल्या गावच्या देवस्थानांचे आणि जमिनींचे तंटे उद्या अशाच एखाद्या कागदावर येऊन अडणार नाहीत, असे कोण सांगू शकेल?

म्हणून आमच्या दोन साध्या सूचना आहेत. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक कचेरीतून जाणाऱ्या पत्रावर ते वाचून पाठविणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव व हुद्दा असलाच पाहिजे, मग मसुदा बोरूने केलेला असो की यंत्राने. आणि प्रत्येक अभिलेखागारात मोडी वाचकाची कायम जागा असावी. गरज पडली की धावपळ करून रोजंदारीवर माणूस आणण्याने हे काम भागणार नाही.

या दोन्ही गोष्टींना फार मोठा खर्च येणार नाही. कागद हा कोणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न असतो, एवढी जाणीव मात्र राज्यकर्त्यांना आणि व्यवस्थापकांना असावी लागेल. जुन्या चिटणिसांपाशी ती होती, म्हणूनच त्यांची दप्तरे आजही बोलतात.