शाळेच्या सभागृहाची किल्ली कुणाकडे?

शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. त्यानंतर गावातली पोरे जातात कुठे? पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावताना आपण सगळेच पाहतो. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते, गोळा फेकायचा असतो. रस्त्यावर गोळा फेकता येत नाही. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि अंधारात धावणारी पोर ड्रायव्हरला दिसत नाही. तिथून हाकेच्या अंतरावर शाळेचे मैदान रिकामे पडलेले असते.

मैदानाचे एकवेळ निभते, कुंपण ओलांडून पोरे आत जातात. सभागृहाचे तसे नाही. आपल्याकडच्या बऱ्याच हायस्कुलांनी आमदार-खासदार निधीतून, देणग्यांतून, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून मोठी सभागृहे आणि व्यायामशाळा बांधल्या. त्यांचा वापर किती? स्नेहसंमेलन, दहावीचा निरोप समारंभ, परीक्षेचे केंद्र. आणि लग्ने. लग्नाला किल्ली लगेच मिळते.

तेव्हा शाळेची जागा भाड्याने द्यावी की नाही, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ती दिली जातेच. कुणाला दिली जाते, कोणत्या दराने, आणि पैसा कोणत्या वहीत जमा होतो, एवढेच विचारायचे आहे.

शेतीच्या पदवीला आम्हाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकवला. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला तरी त्याचा घसारा थांबत नाही आणि बँकेचे व्याजही थांबत नाही. चालवला तर वर फक्त डिझेल आणि ड्रायव्हर. सभागृहाचा हिशेब यापेक्षा वेगळा नाही. भिंती आणि पत्रे बांधून झाले; कुलूप लावले म्हणून ते गंजायचे थांबत नाहीत. संध्याकाळी दोन तास उघडायला लागते काय? ४० वॅटच्या २० नळ्या धरा. दोन तासांत १.६ युनिट वीज. युनिटला १० रुपये दर लावला तरी १६ रुपये. उघडणे, झाडणे, बंद करणे यासाठी माणसाला १०० रुपये द्या. दुरुस्तीसाठी ३४ रुपये बाजूला टाका. झाले दीडशे.

आता हे दीडशे कुणी द्यायचे? पंधरा पोरे खेळली तर डोईला दहा रुपये, म्हणजे महिन्याच्या २५ दिवसांचे अडीचशे. बागायतदाराचा मुलगा देईल. मोलमजुरी करणाऱ्या बाईची मुलगी पहिल्याच महिन्यात घरी बसेल. फुकट द्या म्हणणेही खोटे आहे, कारण खर्च होतोच आणि तो कुणीतरी भरतोच. आपण जन्मभर मालाच्या उत्पादन खर्चाचा हिशेब मागत आलो, तो इथे सोडून कसे चालेल?

यातून वाट लग्नाच्या भाड्यातून निघते. समजा हंगामात दहा लग्ने झाली आणि प्रत्येकी ५,००० रुपये घेतले, तर ५०,००० जमतात. वर्षातले ३०० दिवस रोज दीडशे खर्च धरला तर ४५,००० होतात. गावच्या पोरांचा खेळ गावच्या लग्नांवर चालतो आणि पाच हजार उरतात. दर गावागणिक बदलतील, पण गणिताची रीत हीच राहील. मात्र त्यासाठी लग्नाचे भाडे पावतीने आले पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ‘संस्थेला देणगी’ म्हणून आलेला पैसा नेमका कुठे जातो, हे मुख्याध्यापकालाही माहीत नसते. माझ्या स्वतःच्या तालुक्यात एका सभेत मी ही वही मागितली, तेव्हा चहा आला. वही आली नाही.

मुख्याध्यापकांच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपायांची पदे संपवून त्याजागी भत्ता आणला. मग संध्याकाळी कुलूप उघडणार कोण? काच फुटली, कुणाचा पाय मोडला, कुणी दारू पिऊन आला, तर नोटीस मुख्याध्यापकाच्या नावावर. म्हणूनच नुसते ‘पोरांना खेळू द्या हो’ म्हणून भागत नाही. लेखी करार हवा. गावातली दोन जबाबदार माणसे त्यावर सही करतील, थोडी अनामत ठेवतील, आणि उघडणाऱ्या माणसाची मजुरी भाड्यातून आधी निघेल. हे न करता शिक्षकाने संध्याकाळही शाळेतच काढावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तालुका क्रीडा संकुल आहे की, असे कुणी म्हणेल. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणानंतर संकुले आली, हे खरे. पण ती तालुक्याच्या गावी, आणि शेवटची एसटी संध्याकाळी सहाला. शिवाय कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर. ४० बाय ६० फुटांच्या सभागृहात ते बसते. आपली पोरे मातीत तयार होतात, पावसाळ्याचे चार महिने चिखलामुळे घरी बसतात, आणि जिल्ह्याला जाऊन मॅटवर घसरतात.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. काही संस्था सभागृह कुणा अकॅडमीवाल्याला महिन्याच्या ठराविक रकमेवर उक्ते देतात. संस्थेला कटकट नाही, हातात रोख पैसा. पण बाग उक्ती दिली की मालकालाही फळ तोडता येत नाही. अकॅडमीला सकाळ द्या, किंवा आठवड्याचे दोन दिवस द्या आणि पुरे भाडे घ्या. सगळ्या संध्याकाळी देऊ नका.

आणि वेळापत्रक करताना पहिली पाटी मुलींची लिहा. पाच ते सात. पोरांना साडेसातलाही घरी जाता येते. मुलींना उरलेली वेळ दिली तर त्या येत नाहीत, आणि मग ‘मुलींना आवडच नाही’ असे म्हणायला आपण मोकळे.

१९५२ साली कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकले. त्यांनी तिथून कांस्यपदक आणले. आज आपण कुणाचे घर मागत नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या बापजाद्यांनी सातबारावरून नाव कमी करून ज्या शाळेला जमीन दिली, तिच्या सभागृहाची दोन तासांची किल्ली मागतो आहोत, आणि तीही खर्च देऊन.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन शाळांची माहिती आणावी. सभागृहाची लांबी-रुंदी, गेल्या वर्षी किती लग्ने झाली, भाडे किती आणि पावती कुणाच्या नावाची, संध्याकाळी किल्ली कुणाकडे असते. मुख्याध्यापकांना बरोबर आणता आले तर उत्तमच. दराच्या पत्रकाचा कच्चा मसुदा त्या दिवशी बसून करू. करारावर सही करायला तयार असलेल्या दोन माणसांची नावे मात्र गावातूनच ठरवून या.