शेकडा किती हें सांगतां. पण कशाच्या शेकडा?

२०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत परदेशी कच्च्या खाद्यतेलावरची मूळ जकात शून्यावरून शेकडा २० केल्याची बातमी आली, तेव्हां आमच्या गांवीं पारावर मोठा आनंद झाला. आतां सोयाबीनला भाव येणार! एका पुढाऱ्यानें तर त्याबद्दल हारहि घालून घेतला. २०२५ च्या मे अखेर तीच जकात शेकडा १० वर आली, तेव्हां त्याच पारावर शिव्याशाप ऐकूं आले. दोन्ही वेळां आम्हीं एकच प्रश्न विचारला: बाबांनो, शेकडा २० म्हणा कीं १० म्हणा, पण तें कशाच्या शेकडा? कोणी उत्तर दिलें नाहीं. “मास्तरांना हिशेबाशिवाय दुसरें कांहीं सुचत नाहीं,” असें म्हणून एकानें हंसून घेतलें.

हंसा, पण ऐका. जकात हा दोन आंकड्यांचा गुणाकार आहे. एक आंकडा दराचा. तो बदलला कीं वर्तमानपत्रें मोठ्या अक्षरांत छापतात. दुसरा आंकडा किंमतीचा, म्हणजे कस्टमखातें माल केवढ्याचा धरतें तो. हा राजपत्राच्या कोंपऱ्यांत पडलेला असतो, आणि तो वाचतो कोण? तेलाचा शेटजी, त्याचा मुनीम व त्याचा वकील. आमचा कुणबी वाचीत नाहीं, आणि कुणब्याच्या मतांवर निवडून येणाराहि वाचीत नाहीं.

साधारण मालाची रीत सरळ आहे. १८७८ च्या सागरी जकात कायद्यांत बंदरावरच्या घाऊक रोखीच्या भावावर मदार होती. आजचा कायदा १९६२ चा. त्याखालच्या २००७ च्या नियमांप्रमाणें व्यापाऱ्यानें परक्या विक्रेत्यास खरोखर द्यावयाची रक्कम बीजकावरून पाहतात, तींत आपल्या बंदरापर्यंतचें भाडें व विमा मिळवितात, आणि त्या बेरजेवर जकात लावितात. बीजकाचा संशय आला तर अधिकारी कागद मागतो. समाधान न झाल्यास बीजक बाजूस ठेवून तशाच मालाच्या दुसऱ्या आयातीचा भाव पाहतो.

पण त्याच कायद्याच्या १४ व्या कलमांत एक वेगळी वाट आहे. कांहीं जिनसांची किंमत सरकार स्वतःच ठरवून टाकतें. मग बीजकांत कांहींहि असो. पामतेल व सोयाबीनचें कच्चें तेल या ठरीव किंमतीच्या यादींत आलें. ही सोय वाईट नाहीं. खोट्या बीजकांस ती आळा घालते. मात्र ठरविणारानें बाजाराकडे डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

डोळे मिटले तर काय होतें तें पाहा. शुद्ध पामोलिनची ठरीव किंमत २००६ सालीं टनास ४८४ डॉलर करून तेथेंच गोठविली. पुढें जगाच्या बाजारांत भाव दुपटीवर गेला, तरी २०१२ च्या जुलै अखेरपर्यंत कस्टमच्या वहींत ४८४ च! त्या काळीं शेवटीं शेवटीं दर शेकडा साडेसात होता. आम्हीं पोरांस पाटीवर हिशेब घातला. ४८४ चे शेकडा साडेसात म्हणजे ३६ डॉलर ३० सेंट. टनाची किंमत हजार डॉलर धरली असती तर ७५ डॉलर. म्हणजे कागदावर साडेसात, आणि पदरांत शेकडा पावणेचारांहूनहि कमी! दर कोणी कमी केला नाहीं, आणि अर्धी जकात मात्र नाहींशी झाली. आमचा भुईमूग व सोयाबीन त्या तेलाशीं झुंजत होतें, आणि शेतकऱ्यास वाटे कीं आपल्या पाठीशीं साडेसाताची भिंत आहे. भिंत अर्धी पडली होती.

कोणी म्हणेल, मास्तर, तेल स्वस्त राहिलें तर मजुराच्या घरींहि फोडणी पडते. खरें आहे, आमच्याहि घरीं तेल विकतच येतें. तर मग दरच उघडपणें उतरवावा, शेतकऱ्याच्या तोंडावर सांगून उतरवावा, म्हणजे त्याला भांडतां तरी येईल. दर तसाच ठेवून माप लहान करणें, ही पायलींत खालून लांकूड ठोकणाऱ्या वाण्याची रीत झाली. त्या वाण्यास आमच्या बाया भर बाजारांत धारेवर धरितात. येथें तर पायली कोठें आहे हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

तांबट-कासार बंधूंनीं हा केवळ शेतकऱ्याचा तंटा समजूं नये. पितळेच्या मोडीचें नांवहि कित्येक वर्षें त्याच यादींत आहे. तेथें आंकडा खऱ्या भावाहून चढा बसला, तर मोडीवरचा बोजा वाढतो व तुमची घडणावळ त्यांत जाते.

२०१२ नंतर ही किंमत साधारण पंधरा दिवसांनीं नव्यानें ठरूं लागली. ही सुधारणा खरी, आणि ती आम्ही मान्य करितों. पण गोठविण्याचा अधिकार कायद्यांतून गेलेला नाहीं, म्हणून पुढारी पारावर आला कीं दराबरोबर ठरीव किंमतहि विचारा, आणि डॉलरचे रुपये कोणत्या भावानें धरले तेंहि विचारा, कारण तो भावहि खातेंच ठरवितें. येत्या पंधरवड्यापासून हे आंकडे आम्ही शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर, तालुक्याच्या सोयाबीनच्या भावाशेजारीं लिहून ठेवणार आहों. ज्यांस वाचतां येत नसेल त्यांनीं आपल्या पोराकडून वाचून घ्यावे.