औषधांच्या चिठ्ठीवर विश्रांतीची वेळही लिहा

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस,



सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि माणसाला मात्र अंथरुणातून उठवत नाही, असे रुग्ण आपल्या विद्यापीठातून शिकून गेलेल्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. त्यांतल्या काहींना मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम असतो. मी त्यांपैकीच एक. आम्हांला बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: पहाटे चाला, योगासने करा, मन रमवा. एरवी हिताचा असलेला हा सल्ला आम्हांला अंथरुणाला खिळवतो.

कारण या आजाराची खरी खूण थकवा ही नाही. श्रमानंतर प्रकृती ढासळणे, ही आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानासाठी हे लक्षण आवश्यक मानले. ही घसरण बहुधा लगेच होत नाही. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी होते. रविवारी बरे वाटले म्हणून माळा आवरला, तर मंगळवारी आंघोळीला उठणेही जमत नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध रुग्णाच्याही लक्षात येत नाही, मग पाच मिनिटांत तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कसा येणार?

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम सुचवला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने तो सल्ला मागे घेतला आणि आपल्या शक्तीची मर्यादा ओळखून काम व विश्रांती आखा, असे सांगितले.

ही आखणी म्हणजे काय, ते अनुभवाने सांगते. दमल्यावर पडणे म्हणजे उशीर झालेला असतो. विश्रांती घड्याळ पाहून घ्यायची: आंघोळीनंतर, स्वयंपाकाच्या आधी, दुपारी, कुणी भेटायला येणार असेल तर त्याआधी. दहा-पंधरा मिनिटे, अंधाऱ्या खोलीत, डोळे मिटून. मोबाइल नाही, टीव्ही नाही, बोलणे नाही. झोप लागलीच पाहिजे असेही नाही. आणि बरे वाटत असेल त्या दिवशीसुद्धा ती चुकवायची नाही. सगळ्यांत कठीण हेच आहे. याने आजार बरा होत नाही, पण कोसळण्याचे प्रसंग कमी होतात आणि उरलेला दिवस आपल्या हाती राहतो.

आपल्याकडे ही विश्रांती बाईला तर मागताही येत नाही. सून भरदिवसा आडवी झाली की घरात कुजबुज सुरू होते. तिन्हीसांजेला तर कुणीच झोपायचे नसते. सासूबाईंना सुनेचे म्हणणे पटणार नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सकाळी अकरा आणि दुपारी चार, पडून राहणे’ असे लिहिलेले असेल तर पटते. म्हणून ते चिठ्ठीवर हवे.

एमबीबीएसचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, हे मी जाणते. पण इंटर्नचे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण आपल्याला घेता येईल. फिजिओथेरपी आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही त्यात घ्यावे. कोविडनंतर असाच त्रास जडलेले कितीतरी लोक आज ओपीडीच्या रांगेत आहेत. त्यांना व्यायाम सांगण्याआधी एवढे विचारायला शिकवा: ‘श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसे वाटते?’

१२ मे हा या आजाराचा जागतिक जनजागृती दिन आहे. येत्या १२ मे रोजी प्रत्येक संलग्न महाविद्यालयात या विषयावर एक तास ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक रुग्ण