कोरियाचे गायक आणि आपली मुले



पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कित्येक घरांत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन राहिला आहे. तो दार वाजवून आला नाही. मोबाइलच्या काचेतून आला. आईबापांस त्याचे नाव धड उच्चारता येत नाही, आजीला त्याची भाषा कळत नाही. परंतु घरातील तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला त्याचा वाढदिवस, त्याचे आवडते खाद्य, इतकेच नव्हे तर त्याच्या कुत्र्याचे नावदेखील मुखोद्गत असते. दक्षिण कोरियातील गायक-नर्तकांचे संघ हाच तो पाहुणा. त्यांच्या संगीतास 'के-पॉप' म्हणतात. "हे काय नवे खूळ?" असे आईबाप विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता मुलीच्या हातचा फोन काढून घेतात. या आठवड्यात त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा विचार आहे. कारण घरात हा प्रश्न नीट विचारलाच गेला नाही तर काय घडू शकते, याचा दाखला आपल्याच भाषेच्या मुलखात मिळालेला आहे.

२०२४ च्या डिसेंबर अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातून तीन मुली घराबाहेर पडल्या. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा वर्षांच्या. पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन आला की, तीन मुलींना शाळेच्या गाडीतून बळजबरीने पळवून नेले आहे. पोलिसांनी माग काढला तेव्हा तो फोन उमरग्याहून पुण्यास निघालेल्या एस.टी.तील एका प्रवासी बाईचा निघाला. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे गाडी थांबणार होती. तेथील बसस्थानकावर दुकान चालविणाऱ्या एका बाईंना पोलिसांनी कळविले, आणि त्यांच्या साहाय्याने मुलींना खाली उतरवून घेण्यात आले. मग सारा उलगडा झाला. त्यांना कोणीही पळविले नव्हते. पुण्यास जावे, काम करून पैसे साठवावे, त्या पैशांनी कोरियास जावे आणि 'बीटीएस' नावाच्या संघातील सात गायकांची भेट घ्यावी, असा त्यांचा बेत होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत तमिळनाडूच्या करूर जिल्ह्यातील तेरा वर्षांच्या तीन मुली अशाच निघाल्या होत्या. जवळ सुमारे १४,००० रुपये, आणि विशाखापट्टणमहून जहाज पकडण्याची कल्पना! त्या काटपाडीच्या रेल्वे स्थानकावर सापडल्या.

देवाच्या कृपेने सहाही मुली सुखरूप परतल्या. या हकिगती वाचून पुष्कळांना हसू आले असेल. परंतु वाचकहो, क्षणभर विचार करा. वाटेत मोहोळच्या त्या दुकानदार बाईंच्या जागी दुसरे कोणी भेटले असते तर? आणि सहा मुलींच्या मनात एवढा मोठा बेत शिजत असता सहांपैकी एकाही घरास त्याचा सुगावा लागू नये, याचे कारण काय? पेडण्यातील मोपच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली आहेत. आपल्या वाड्यावरील मूल मान वर करून विमान पाहते, तेव्हा त्याला कोरिया उमरग्याच्या मुलींहूनही जवळ वाटत असेल.

तेव्हा प्रथम हा पाहुणा कोण, हे समजून घेऊ. १९९२ मध्ये 'सो तायजी अँड बॉईज' या तिघा तरुणांच्या संघाने कोरियन गाण्याला अमेरिकन ठेक्याची व नृत्याची जोड दिली आणि तेथील तरुण पिढी वेडी झाली. ली सू-मान नावाच्या एका पूर्वीच्या गायकाने हे नीट हेरले. त्याने १९९५ मध्ये 'एस.एम.' ही कंपनी काढली आणि १९९६ मध्ये पाच मुलांचा 'एच.ओ.टी.' हा संघ रंगमंचावर आणला. गाणे, नाच, पोशाख, चेहरा, बोलणे या सर्वांची आखणी कंपनीनेच करावी, ही रीत तेव्हापासून पक्की झाली. १९९७ च्या आर्थिक संकटातून सावरताना कोरियाच्या सरकारनेही करमणुकीच्या धंद्यास कायद्याचे पाठबळ दिले. २०१२ मध्ये साय या गायकाच्या 'गंगनम स्टाइल' या गाण्याची चित्रफीत यूट्यूबवर सहा महिन्यांच्या आत शंभर कोटी वेळा पाहिली गेली. बीटीएस हा संघ १३ जून २०१३ रोजी एका लहानशा कंपनीतून पुढे आला. २०२० मध्ये त्याचे 'डायनामाइट' हे गाणे अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत पहिले आले. कोरियन संघास हा मान प्रथमच मिळाला. 'ब्लॅकपिंक' हा चार मुलींचा संघ २०१६ चा. बीटीएसची मालक कंपनी 'हाइब' हिने २०२५ मध्ये मुंबईत आपली शाखाही उघडली. म्हणजे पाहुणा आता काचेतच राहिलेला नाही.

असले वेड आपल्याला अगदीच अपरिचित आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. पेडण्याच्या जत्रांत दशावतार पाहून पहाटे घरी परतणारी मंडळी अमक्या कंपनीचा राजा सरस की तमक्या कंपनीचा, यावर वाटभर हुज्जत घालीत येतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी संगीत नाटकांचे वेड याहून कमी नव्हते. बालगंधर्वांचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे पाहून घरंदाज स्त्रिया त्याचे अनुकरण करीत. बालगंधर्वांचा पक्ष निराळा, केशवराव भोसल्यांचा निराळा. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी मिळून 'मानापमान' नाटकाचा प्रयोग केला, तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक त्यास लोटले. आपल्या मंगेशी गावचे दीनानाथ मंगेशकर जेमतेम तेरा-चौदा वर्षांचे असताना किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. १९१८ मध्ये, अठरावे वर्षही पुरे झाले नसताना, सहकाऱ्यांसह त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' काढली. लहान वयात मुलांना कंपनीत घेणे, बिऱ्हाडी ठेवणे, तालमी घेणे, रसिकांनी पक्ष बांधून भांडणे, हे सारे आपण पाहिलेले आहे. आणि त्या वैभवाचा शेवटही आपण पाहिला आहे. मंडळी बुडाली, आणि १९४२ मध्ये अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी दीनानाथांनी हलाखीत देह ठेवला.

आता ही मुले आपापसांत बोलतात तरी काय? त्यांच्या चर्चेचे विषय ऐकले तर नवल वाटेल. सातांपैकी आपला लाडका कोण, हा पहिला विषय. अशा लाडक्याला ती 'बायस' म्हणतात. मग कोणाच्या वाट्याला गाण्याच्या किती ओळी आल्या, कंपनीने कोणावर अन्याय केला, कोणाचे गाणे कितव्या क्रमांकावर गेले, कोणता संघ थोर, यावर वाद. बीटीएसचे चाहते स्वतःस 'आर्मी' म्हणतात, तर ब्लॅकपिंकचे चाहते 'ब्लिंक' म्हणवितात. गेल्या शतकाच्या अखेरीस एच.ओ.टी.चे चाहते पांढरे फुगे घेऊन जमत आणि प्रतिस्पर्धी संघाचे पिवळे. आज फुग्यांची जागा विजेच्या दिव्यांच्या काठ्यांनी घेतली आहे. या चर्चेत चांगलेही असते. २०१८ च्या सप्टेंबरात बीटीएसचा म्होरक्या आरएम याने संयुक्त राष्ट्रांत युनिसेफच्या कार्यक्रमात भाषण करून, तरुणांनी आधी स्वतःला मानावे, असे सांगितले. ते भाषण अनेक मुलांना धीर देऊन गेले. २०२० मध्ये या संघाने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीस दहा लाख डॉलर दिले, तेव्हा चाहत्यांनी सुमारे एका दिवसात तेवढीच रक्कम आपल्या खिशातून उभी केली. ज्या मुलांना आपण आळशी म्हणतो, ती एखाद्या प्रेमापोटी केवढे काम करू शकतात, हे यावरून दिसते.

परंतु त्या प्रेमाचा व्यापार होतो, हे मुलांना सांगणारे कोणी हवे. एकाच गाण्याच्या अल्बमात निरनिराळी छायाचित्रे घालतात. लाडक्याचे छायाचित्र मिळावे म्हणून मूल तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेऊ पाहते. गाणे वर चढावे म्हणून रात्रंदिवस तेच लावून ठेवते. आणि रंगमंचावरील हसऱ्या चेहऱ्यामागे काय असते? कंपनी मुलांना लहान वयातच निवडते आणि वर्षानुवर्षे शिकविते. 'ट्वाइस' संघाच्या जिह्यो हिने रंगमंचावर येण्यापूर्वी दहा वर्षे तालीम केली. एवढे करूनही सर्वांची निवड होतेच असे नाही. पुष्कळ ठिकाणी शिकविण्याचा खर्च पुढे मिळकतीतून कापला जातो. २००९ मध्ये 'टीव्हीएक्सक्यू' संघाच्या पाचांपैकी तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी तेथील सरकारी आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना करार घालून दिला. बीटीएसच्या तरुणांनाही देशाच्या कायद्याप्रमाणे सक्तीची सेवा करावी लागली. २०२२ च्या अखेरीपासून एकेक जण गेला आणि २०२५ च्या जूनपर्यंत सातही जण परतले. सर्वांचे भाग्य मात्र सारखे नसते. 'शायनी' संघाचा जोंगह्यून २०१७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. २०१९ मध्ये सल्ली आणि गू हारा या दोन मैत्रिणी सहा आठवड्यांच्या अंतराने गेल्या. एक पंचवीस वर्षांची, दुसरी अठ्ठावीस. तिघांनीही आपल्या हातांनी आयुष्य संपविले. लाखो लोक ज्यांना आपले म्हणत होते, ती माणसे आतून किती एकाकी होती!

या गायकांना तिकडे 'आयडॉल' म्हणतात. आयडॉल म्हणजे मूर्ती, दैवत. माणसाला दैवत केले की त्याचे माणूसपण हिरावले जाते. त्याने दमू नये, रडू नये, कोणावर प्रेम करू नये, अशी अपेक्षा सुरू होते. हे जसे त्या गायकावर अन्यायाचे, तसेच त्याच्यापायी घर सोडणाऱ्या मुलीसही घातक. ज्याची आपल्याला ओळखही नाही, त्याच्या भेटीसाठी ती निघते, आणि जी माणसे तिच्यासाठी रात्रभर जागतील त्यांना सांगत नाही.

मग आईबापांनी काय करावे? पहिली गोष्ट ही की, थट्टा करू नये. मुलगी गाणे ऐकत असता तिच्याजवळ बसावे आणि विचारावे: "यातला तुझा आवडता कोणता? तो काय म्हणतो आहे?" मूल अर्धा तास बोलेल. त्या अर्ध्या तासात तुम्हांस तिच्या मनाचा जो ठाव लागेल, तो वर्षभर फोन हिसकावून लागणार नाही.

दुसरी गोष्ट: या धंद्याची खरी माहिती त्यांना द्यावी. वर सांगितलेली तालमींची, करारांची आणि मृत्यूंची हकिगत रागाने नव्हे, तर मायेने सांगावी. आणि फोनवर कोणी, "तुझी कोरियात निवड करवितो, घरी सांगू नकोस, एवढे पैसे पाठव," असे म्हणाले, तर त्याच क्षणी आईबापांना सांगावे, हे वचन मुलांकडून घ्यावे. "घरी सांगू नकोस" हे शब्द ज्याच्या तोंडी, तो मुलाचा हितचिंतक नव्हे.

तिसरी गोष्ट: वेडाला वाट द्यावी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे मास्तर होते. त्या घरात सुरांचे शिक्षण घेतलेला तो मुलगा पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावाजला, आणि संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. गाण्यावर जीव टाकणाऱ्या मुलीच्या हाती व्हायोलिन द्या, तिला गायकवृंदात पाठवा, नृत्य शिकू द्या. ओडिशातील राउरकेल्याची श्रेया लेंका ओडिसी नृत्य शिकली, कोरियन संघांची गाणी ऐकून नाचली, आणि २०२२ मध्ये 'ब्लॅकस्वान' या कोरियन संघात निवडली गेली. तिची इच्छा उमरग्याच्या मुलींहून फारशी निराळी नव्हती. मात्र तिच्या घरच्यांना ती ठाऊक होती, आणि ती त्यांच्या पाठिंब्याने गेली. आपल्या तरुणांसाठी तर आणखी एक सरळ वाट आहे. २०२७ च्या ऑगस्टमधील जागतिक युवा दिन सोल येथे भरेल, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२३ मध्ये लिस्बन येथे जाहीर केले. कोरियाचे नाव काढताच रागावण्यापेक्षा, "मोठी हो, शीक, एक दिवस सर्वांच्या देखत जा," असे म्हणणारे घर मुलीला पळून जाण्याचे कारणच ठेवीत नाही.

आणि मुलांनो, दोन शब्द तुम्हांस. तुमच्या गाण्याशी आमचे वैर नाही. ते सात गायक आज जेथे आहेत, तेथे ते वर्षानुवर्षांच्या मेहनतीने पोहोचले. त्यांच्यापासून घ्यायचे ते हेच. त्यांचा वाढदिवस तुम्हांस पाठ आहे, हे ठीक. आपल्या आईचाही पाठ असू द्या. आणि मनात कितीही दूरचा बेत आला, तरी तो प्रथम घरात बोला. एस.टी.च्या गाडीत अनोळखी बाईचा फोन मागण्याची पाळी कोणाच्याही लेकीवर येऊ नये.