वस्त्रगाळ पाण्यांतील अदृश्य दोष

पाणी गाळून घ्यावें, उकळावें, तांब्याच्या भांड्यांत ठेवावें, हा पाठ आमच्या घराघरांतून मुखोद्गत आहे. तो योग्यच आहे. परंतु कांहीं दोषांपुढें हे तिन्ही उपाय थिटे पडतात. क्रोमियम हा त्यांपैकीं एक होय.

व्होक्लँ नामक फ्रेंच रसायनज्ञानें १७९७ सालीं हा धातु शोधिला. त्याचें त्रिसंयुजी रूप पुष्कळ सौम्य. षट्संयुजी रूप मात्र विषारी व कर्करोगकारक आहे. तें पाण्यांत सहज विरघळतें, आणि अल्प प्रमाणांत असतां डोळ्यांस वा जिभेस कळत नाहीं. उकळल्यानें पाणी आटतें, विष तितकेंच राहतें. भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्यांत एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागें ०.०५ मिलिग्रॅम ठरविली आहे.

धातूंस मुलामा देणारे, रंगद्रव्यें करणारे व कातडीं कमाविणारे कारखाने, हीं याचीं मुख्य उगमस्थानें. तामिळनाडूंत राणीपेट येथें बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या गाळानें भूजल नासलें. कॅलिफोर्नियांतील हिंकली गांवीं १९५२ ते १९६६ पर्यंत एका वायुकंपनीनें असलें पाणी उघड्या तळ्यांत सोडलें. १९९६ सालीं तिला ग्रामस्थांस ३३ कोटि ३० लक्ष डॉलर द्यावे लागले.

आतां आपल्या कोल्हापुरी वहाणेकडे पाहा. तिचें कातडें परंपरेनें बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावितात. तेथें क्रोमियमचें काम नाहीं. २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकन लाभलें. ज्या कारागिरांस समाजानें पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून दूर ठेविलें, त्यांची विद्या हें विष पाण्यांत सोडीत नाहीं. तें सोडतो तो पांढरपेशांचा कारखाना. विटाळाची आपली कल्पना किती उफराटी होती, हें वाचकांनींच ठरवावें.

आमच्या राधानगरीस शाहू महाराजांनीं भोगावतीवर धरण योजिलें. तेंच पाणी पुढें पंचगंगेच्या प्रवाहांत जातें. म्हणून वरच्या गांवांनीं खालच्यांचाही विचार केला पाहिजे. साध्या तपासणींत जड धातु पाहिले जातातच असें नाहीं. तेव्हां ग्रामसभेंत पाण्याचा अहवाल मागावा, आणि त्यांत क्रोमियमचा रकाना आहे काय, हें विचारावें. दोष आढळल्यास तो विहीर वा योजना चालविणाऱ्यांनींच दूर करावयाचा असतो. लोहक्षारांनीं षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी करून गाळतां येतें. सोवळ्याचें पाणी भरणाऱ्या घरांनीं एवढी चौकशी तरी अवश्य करावी.